नवीन सिस्टिम, जुना डेटा: फाईल मॅनेजर कुठला घ्यायचा?



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला घेतलेला लॅपटॉप अजून रेटून वापरणारे आपल्यात बरेच जण आहेत, आणि त्यांचा लॅपटॉप या अटींत बसत नाही. मग कुणीतरी सांगतं, लिनक्स टाक. लिनक्स टाकलं जातं, लॅपटॉप पळायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो: "सगळं छान आहे, पण फोल्डर उघडायची खिडकी वेगळीच आहे. इंटरनेटवर दहा नावं सांगतात. कुठला फाईल मॅनेजर घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो. पण पेट पास होऊन पीएचडीच्या तयारीला लागलेल्या माणसासाठी तो तितका साधा नाही. आपल्या जालना जिल्ह्यातच बघा. कुणी घनसावंगी-अंबडकडच्या मोसंबीच्या बागांतली माती तपासतंय, कुणी बदनापूरच्या तुरीच्या वाणांवर काम करतंय, कुणी एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांच्या कामगारांच्या मुलाखती घेतंय. विषय कुठलाही असो, पाच वर्षांत हजारो फायली जमतात. आणि शेवटी कमिटीसमोर एकच प्रश्न येतो: "हा आकडा कुठल्या फाईलमधून आला, दाखवा." त्या वेळी फाईल सापडली पाहिजे, आणि ती तीच असली पाहिजे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. लिनक्सवर फाईल मॅनेजर पाच मिनिटांत बदलता येतो. फायलींची नावं आणि मांडणी मात्र दोन वर्षांनी बदलायला गेलात तर घाम फुटतो. म्हणून मॅनेजर निवडताना तो दिसतो कसा यापेक्षा, तुमच्या डेटाबद्दल तो काय दाखवतो आणि काय लपवतो ते बघा.

आधी हे समजून घ्या: मॅनेजर म्हणजे उतारा

गावाकडची उपमा देते. डिस्कवरचा मजकूर म्हणजे जमीन. फाईल सिस्टिम म्हणजे तलाठ्याकडचं दप्तर: कुठली फाईल कुठे आहे, किती मोठी आहे, कधी बदलली, याच्या नोंदी. आणि फाईल मॅनेजर म्हणजे त्या दप्तरातून काढून दिलेला उतारा. उतारा कुठल्या नमुन्यात द्यायचा, कुठला रकाना दाखवायचा, हे उतारा देणारा ठरवतो. त्याने दप्तरातली नोंद बदलत नाही.

विंडोजवर आपल्याला हा फरक कधी जाणवत नाही, कारण तिथे १९९५ च्या विंडोज ९५ पासून उतारा देणारा एकच: एक्स्प्लोरर. तो सिस्टिमचाच भाग वाटतो. लिनक्सवर मात्र फाईल मॅनेजर हा इतर प्रोग्रॅमसारखा एक प्रोग्रॅम आहे. एकाच लॅपटॉपवर तीन टाका, तिन्हींत तुमच्या त्याच फायली दिसतील. एक काढून टाकला तरी फायलींना काही होत नाही. त्यामुळे "चुकीचा निवडला तर?" ही भीती पहिल्यांदा मनातून काढा.

या प्रोग्रॅमचा इतिहासही थोडा बघण्यासारखा आहे. १९८६ मध्ये डॉसवर नॉर्टन कमांडर आला: निळा पडदा, शेजारी-शेजारी दोन फोल्डर. १९९४ मध्ये मिगेल द इकाझा या मेक्सिकन तरुणाने त्याच धर्तीवर मिडनाइट कमांडर लिहिला, आणि पुढे १९९७ मध्ये त्यानेच ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप सुरू केला. ग्नोमसाठी नॉटिलस हा फाईल मॅनेजर ईझल नावाच्या कंपनीने बनवला. २००१ च्या मार्चमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि मे महिन्यात कंपनीच बंद पडली. पण सोर्स कोड खुला असल्याने नॉटिलस टिकला. आज उबुंटूवर "फाइल्स" नावाने दिसतो तो हाच. २०१२ मध्ये त्यातून दोन कप्प्यांची सोय वगैरे काढून टाकली गेली, तेव्हा लिनक्स मिंटच्या मंडळींनी जुन्या आवृत्तीवरून स्वतःचा नेमो तयार केला. म्हणजे "कुठला फाईल मॅनेजर चांगला" हे भांडण तुमच्याआधी खुद्द बनवणाऱ्यांनी करून झालंय.

पर्याय कोणते?

दहा नावं पाठ करायची गरज नाही. हे सहा पुरेसे आहेत.

फाइल्स (नॉटिलस): उबुंटू आणि फेडोरावर आधीपासून असतो. स्वच्छ, कमी बटणं. नाव टाईप करायला लागलात की तो आतल्या फोल्डरांसकट शोध सुरू करतो. दोन कप्पे नाहीत. अनेक फायली निवडून एफ२ दाबलं की सगळ्यांची नावं एकदम बदलता येतात.

नेमो: लिनक्स मिंटच्या सिनॅमन आवृत्तीबरोबर येतो. विंडोजवरून आलेल्याला सर्वांत ओळखीचा वाटेल. एफ३ दाबलं की दोन कप्पे. टाईप केलं की त्याच फोल्डरमधल्या त्या नावाच्या फाईलवर उडी मारतो.

डॉल्फिन: केडीई डेस्कटॉपचा. सगळ्यांत जास्त सोयी. एफ३ ने दोन कप्पे, एफ४ ने खाली त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल. कोडिंग शिकणाऱ्यांना हे एफ४ फार आवडतं.

थुनार: एक्सएफसीई डेस्कटॉपचा, हलका. अनेक नावं बदलायचं वेगळं साधन त्याच्यासोबतच येतं. दोन कप्पे ४.१८ या आवृत्तीपासून आहेत.

पीसीमॅन-एफएम: अगदी हलका, जुन्या लॅपटॉपसाठी.

मिडनाइट कमांडर: टर्मिनलमध्ये चालतो, माऊस लागत नाही. आज निरुपयोगी वाटेल. पण उद्या पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर काम करायची वेळ आली, तर तिथे समोर फक्त टर्मिनल असतं.

एकाच डेटावर दोन उत्तरं

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सिस्टिम बदलल्याने संशोधनाचा निकाल बदलू शकतो का? हो, आणि तसं घडलेलं आहे.

२०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्स या नियतकालिकात एक पद्धत छापून आली. रेणूचे एनएमआर शिफ्ट गणिताने काढायचे, आणि त्यासाठी पायथनच्या तयार स्क्रिप्ट दिलेल्या. त्या विलोबी-होय स्क्रिप्ट म्हणून ओळखल्या जातात आणि जगभर वापरल्या गेल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातला एक गट सायनोबॅक्टेरियातल्या संयुगांवर काम करत होता. त्यांच्या लक्षात आलं की त्याच फायली, तीच स्क्रिप्ट, पण वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवली की उत्तर वेगळं येतंय. विंडोज १० वर बरोबर, उबुंटूवर वेगळं. त्यांनी हे ऑरगॅनिक लेटर्समध्ये प्रसिद्ध केलं.

कारण काय होतं? फायलींचा क्रम. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फायलींची यादी मागवत होती आणि ती विशिष्ट क्रमाने येईल असं गृहीत धरत होती. पण पायथन ही यादी सिस्टिम जशी देईल तशी पुढे करतं. क्रमाची हमी देत नाही. विंडोजवर ती बहुतेक वेळा नावाच्या क्रमाने येते, लिनक्सवर कशीही येऊ शकते. क्रम बिघडला की एका फाईलचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडला जातो. प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरात चूक दाखवत नाही, फक्त चुकीचं उत्तर देतो. यादी आधी नीट क्रमाने लावून घेणं, एवढाच उपाय होता.

याचा फाईल मॅनेजरशी काय संबंध? असा की ही अडचण मॅनेजरमध्ये बघून कधीच कळली नसती. मॅनेजर तुम्हाला यादी नेहमी क्रम लावूनच दाखवतो. त्यातही तो माणसाला सोपं जावं म्हणून आकडे ओळखतो: प्लॉट १, प्लॉट २, प्लॉट १०. "आर"सारखं सॉफ्टवेअर मात्र अक्षरांच्या क्रमाने जातं: प्लॉट १, प्लॉट १०, प्लॉट २. म्हणजे डोळ्यांना एक क्रम दिसतोय आणि स्क्रिप्ट दुसराच वाचतेय.

यावर दोन सवयी लावून घ्या. एक, नावातले आकडे शून्य लावून समान लांबीचे ठेवा: प्लॉट ००१, ००२, ०१०. मग माणूस आणि मशीन दोघांचा क्रम एकच येतो. दोन, स्क्रिप्टमध्ये फायलींची यादी आली की पहिल्याच ओळीत ती क्रमाने लावा. आणि हो, मी इथे देवनागरी अंक लिहितेय, पण फाईलच्या नावात इंग्रजी अंकच वापरा. देवनागरी अंकांना सगळे प्रोग्रॅम आकडा म्हणून ओळखत नाहीत.

निवडताना विचारायचे पाच प्रश्न

पहिला: मला दोन फोल्डर शेजारी-शेजारी लागतात का? फील्डवरून आल्यावर फोनमधले फोटो, पेन ड्राइव्हवरचा प्रयोगशाळेचा डेटा, हे सगळं तुम्ही इकडून तिकडे नेत असाल तर दोन कप्पे हवेतच. नेमो, डॉल्फिन किंवा नवा थुनार घ्या.

दुसरा: एका वेळी किती नावं बदलावी लागतात? फोन फोटोला तारीख-वेळेचं नाव देतो. त्यातून "अंबड, बाग ३, झाड १२" कळत नाही. दिवसाला शंभर फोटो येत असतील तर थुनारचं नावं बदलायचं साधन बघा. इतर मॅनेजर वापरत असाल तरी ते एकटं चालवता येतं.

तिसरा: दुसऱ्या संगणकाशी जोडायचं आहे का? विभागातल्या सर्व्हरवर डेटा असेल तर फाइल्स, नेमो, डॉल्फिन, थुनार या सगळ्यांत एसएफटीपीचा पत्ता टाकून तिथलं फोल्डर आपल्याच खिडकीत उघडता येतं.

चौथा: रॅम किती? ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आणि थुनार. ८ जीबी किंवा जास्त असेल तर काहीही चालेल.

पाचवा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: तो खरी माहिती किती स्पष्ट दाखवतो? तीन गोष्टी तपासा.

तारीख. काही मॅनेजर "काल", "सोमवार" असं लिहितात. संशोधनात "काल" चालत नाही. सेटिंगमध्ये पूर्ण तारीख आणि वेळ लावा. वर्ष-महिना-दिवस हा क्रम असेल तर उत्तम.

आकार. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि जीबी लिहितं. फाइल्स १००० च्या पटीत मोजतो. त्यामुळे विंडोजवर १०० जीबी दिसणारं फोल्डर इथे सुमारे १०७.४ जीबी दिसेल. डेटा वाढलेला नाही, मोजमाप बदललंय. बिघा आणि एकरासारखं. तुलना करायची तर प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा आकडा बघा, तो दोन्हीकडे सारखाच पाहिजे. फायलींची संख्याही जुळवा.

लपवलेल्या फायली. लिनक्सवर ज्या फाईलच्या नावाची सुरुवात टिंबाने होते ती दिसत नाही. कंट्रोल + एच दाबलं की दिसते (डॉल्फिनमध्ये ऑल्ट + टिंबानेही). फोल्डर रिकामं आहे असं म्हणण्याआधी एकदा हे दाबून बघायचं.

मराठी नावं ठेवणाऱ्यांसाठी

मराठीत, इतिहासात, समाजशास्त्रात काम करणारे मित्र फायलींना मराठी नावं देतात, आणि द्यावीतच. पण लिनक्सवर येताना दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली लांबीची. विंडोजवर एका नावात २५५ चिन्हं मावतात. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ फाईल सिस्टिमवर २५५ बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे मराठी नावाला जेमतेम ८५ चिन्हं. त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि हलंतही वेगळे मोजले जातात. "शेतकऱ्यांच्या" हा शब्द आपण पाच अक्षरांचा म्हणतो. संगणकाला तो १३ चिन्हांचा आणि ३९ बाइटचा आहे. विंडोजवर "घनसावंगी तालुक्यातील मोसंबी उत्पादक शेतकऱ्यांच्या मुलाखती दुसरी फेरी दुरुस्त प्रत अंतिम" याहूनही बरंच लांबलचक नाव चालून गेलं असेल. इथे कॉपी करताना "नाव फार लांब आहे" म्हणून ती फाईल अडते. पाचशे फायलींच्या कॉपीत अशी एक अडली आणि तुम्ही "वगळा"वर क्लिक केलं, तर ती मुलाखत नव्या लॅपटॉपवर आलेलीच नसते. म्हणून सिस्टिम बदलण्याआधी, विंडोजवर असतानाच लांब नावं छाटून घ्या.

दुसरी गोष्ट "ऱ्या"ची. आपला हा अर्धा र संगणकात वेगवेगळ्या प्रकारे लिहिला जातो. युनिकोडमध्ये ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. तेच र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही बनतं. आणि काही कीबोर्ड र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. एक्स्ट४ ला मात्र ही वेगवेगळी नावं आहेत. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये "शेतकऱ्यांच्या मुलाखती" नावाच्या दोन फायली शेजारी-शेजारी राहू शकतात, आणि फोनवरून ठेवलेलं नाव लॅपटॉपच्या कीबोर्डने शोधलं तर सापडेलच असं नाही. शेतकरी, कामगार, कर्मचारी, विद्यार्थी यांच्यावर संशोधन करणाऱ्यांनी हे वाचून सावध व्हावं. शेतकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या, यातलं पहिल्या दोहोंत हे ऱ्या आलंच! नावात "शेतकरी-मुलाखत-०१२" असं सरळ रूप वापरा. वाचायलाही सोपं, शोधायलाही.

इंग्रजी नावं ठेवणाऱ्यांनाही एक नियम. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरातला फरक कळत नाही, लिनक्सला कळतो. इथे कॅपिटल अक्षराने सुरू होणारी "डेटा" आणि स्मॉल अक्षराने सुरू होणारी "डेटा" या दोन वेगळ्या फायली आहेत. त्या एकाच पेन ड्राइव्हवर टाकून विंडोजकडे नेल्या की गोंधळ ठरलेला. सगळं स्मॉलमध्ये ठेवा. नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका टाकू नका. लिनक्स चालवून घेतं, विंडोज घेत नाही. आणि गाईडच्या टेबलावर बहुधा विंडोजच असतं.

पेन ड्राइव्ह: इथे खरी जोखीम

आपल्याकडे डेटा अजून पेन ड्राइव्हवरून फिरतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, पेन ड्राइव्हवरची फाईल डिलीट करणं. विंडोजवर ती सहसा कायमची जाते. लिनक्सचे फाईल मॅनेजर मात्र तिला त्याच पेन ड्राइव्हवर एका लपवलेल्या कचरा-फोल्डरमध्ये नेऊन ठेवतात. जागा रिकामी होत नाही, एवढंच असतं तर ठीक होतं. पण समजा तुम्ही कामगारांच्या मुलाखती घेतल्या आहेत, "तुमचं नाव कुठेही येणार नाही" असा शब्द दिलाय. त्या फायली डिलीट केल्या असं समजून तुम्ही तोच पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटला दिलात. फायली तिथेच आहेत, आणि तिथल्या संगणकावर विंडोज असेल तर ते फोल्डर सरळ दिसतंही, कारण टिंबाने सुरू होणारी नावं विंडोज लपवत नाही. पेन ड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा, किंवा शिफ्ट + डिलीट वापरा. त्याहून बरं म्हणजे, प्रिंटसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा आणि मुलाखतींचा त्यावर कधी आणूच नका. सहभागी व्यक्तीला दिलेला शब्द पाळणं हे संशोधनाच्या नीतिनियमांतलं पहिलं कलम आहे, आणि ते असं एका डिलीटच्या बटणावर येऊन थांबतं.

दोन, इजेक्ट. लिनक्स कॉपी करताना डेटा आधी मेमरीत घेतं आणि मग सावकाश पेन ड्राइव्हवर उतरवतं. पट्टी शंभर टक्के झाली तरी लिहिणं चालूच असू शकतं. इजेक्ट दाबा आणि "आता काढू शकता" असं येईपर्यंत थांबा.

तीन, कट-पेस्ट. दोन वेगळ्या डिस्कमध्ये कट-पेस्ट म्हणजे आतून कॉपी आणि मग डिलीट. मध्येच लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तर काय उरलं ते शोधत बसावं लागतं. आपल्याकडचं भारनियमन लक्षात घेता नियम एकच: आधी कॉपी, मग बाइट आणि संख्या जुळवा, मगच जुनं काढा. जास्त खात्री हवी असेल तर चेकसम काढा. टर्मिनलमधली शा-२५६ ची आज्ञा फाईलवरून एक लांब ओळ तयार करते. दोन प्रतींची ओळ तंतोतंत सारखी असेल तर फाईल तीच आहे.

दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांसाठी एक जोड. विंडोजचं "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर लिनक्समध्ये विंडोजचा ड्राइव्ह फक्त वाचायला मिळतो, पेस्ट होत नाही. मॅनेजर बिघडलेला नसतो. विंडोजमध्ये जाऊन ते सेटिंग बंद करा.

कच्चा डेटा सुरक्षित ठेवा

मशीनमधून किंवा फील्डवरून आला तसा डेटा एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यावर कधीही काम करू नका. कामासाठी प्रत घ्या. इथे फाईल मॅनेजर मदत करतो: फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि तिथे फक्त वाचण्याची परवानगी ठेवा. पण बारकावा लक्षात घ्या. लिनक्सवर फाईल डिलीट करता येते की नाही हे फाईलच्या परवानगीवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या परवानगीवर ठरतं. नुसती फाईल "रीड ओन्ली" केली तर ती बदलता येणार नाही, पण उडवता येईल. म्हणून फाईल आणि फोल्डर दोन्हींची परवानगी बदला.

एका आठवड्याची चाचणी

दुसऱ्याचं मत ऐकून निवडू नका, माझंही नाही. स्वतःच्या डेटाची एक प्रत घ्या, दोन मॅनेजर टाका, आणि दोन्हींत ही कामं करून बघा:

१. फोनमधून ५० फोटो आणा आणि सगळ्यांना तारीख-ठिकाण-क्रमांक असं नाव द्या.
२. सहा महिन्यांपूर्वीची एक फाईल नावाचा फक्त एक तुकडा आठवून शोधा.
३. दोन फोल्डर उघडून कुठल्या फायली एकातच आहेत ते ओळखा.
४. एका मोठ्या फोल्डरचा बाइटमधला आकार आणि फायलींची संख्या काढा.
५. पेन ड्राइव्हवर कॉपी करा, ट्रॅश रिकामा करा, इजेक्ट करा.
६. याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा.
७. एक फाईल मुद्दाम डिलीट करून परत आणा.

ज्यात ही सात कामं न अडखळता झाली, तो तुमचा. मी लिनक्स मिंटवर नेमो वापरते, कारण मातीच्या नमुन्यांच्या फायली आणि बागांचे फोटो मला सतत दोन कप्प्यांत जुळवावे लागतात. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येईल. नुसतं वाचून कळत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत, ते शेजारी लावून करा.

आणि वेळ कमी असेल, सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात असेल, तर सिस्टिमबरोबर आला तोच फाईल मॅनेजर राहू द्या. तो वाचलेला आठवडा नावं नीट करण्यात घाला: तारीख, ठिकाण, क्रमांक, आणि कुठली फाईल कशाची आहे हे सांगणारी एक साधी टेक्स्ट फाईल. तुमच्यानंतर त्याच विभागात येणाऱ्या विद्यार्थ्याकडे कुठला फाईल मॅनेजर असेल सांगता येत नाही. नावं मात्र त्याला हीच मिळणार आहेत.

पुढच्या लेखात बॅकअपबद्दल लिहिते: तीन प्रती कुठे ठेवायच्या, आणि गावाकडच्या नेटवर ते कसं जमवायचं.